डायल-अप इंटरनेट सेवा आणि मोडेम यंत्रणेची निवड

प्रस्तावना : विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ च्या अखेरीस हे क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुले झाले. त्या काळी ग्राहक दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून जोडणी मिळवीत असे. ग्राहकाला एक मोडेम पुरे. सेवादात्याला मात्र असंख्य कॉल एकाच वेळी स्वीकारावे लागत. त्यासाठी कोणती यंत्रणा घ्यावी, हा प्रश्न वरकरणी मोडेमच्या वेगाचा वाटतो. वस्तुतः तो दूरध्वनी केंद्राकडून येणाऱ्या लाइनचा होता.

लाइनचे स्वरूप : साध्या दूरध्वनी लाइन घेऊन प्रत्येकीला एकेक सुटा मोडेम जोडणे, हा कमी भांडवलाचा मार्ग. परंतु त्याला एक अंगभूत मर्यादा होती. दूरध्वनी केंद्र येणाऱ्या संदेशाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडते. या अंकीकरणात प्रत्येक मूल्य जवळच्या ठरावीक पायरीवर आणले जाते आणि त्या फरकातून गोंगाट उत्पन्न होतो. त्यामुळे अशा लाइनवरील मोडेमचा वेग सेकंदाला ३३.६ किलोबिटांपुढे जाऊ शकला नाही. ५६ किलोबिटांच्या तंत्राने हीच पायरी वगळली. सेवादाता केंद्राशी अंकीय लाइनने जोडलेला असेल, तर ग्राहकाकडे जाणाऱ्या माहितीचे अंकीकरण वाटेत करावेच लागत नाही. नमुन्यातील ७ बिट वापरता येतात आणि ८,००० गुणिले ७ म्हणजे ५६,००० बिट होतात. सेवादात्याकडे साधी लाइन असल्यास महागडा मोडेमही हा वेग देऊ शकत नसे.

म्हणून ३० वाहिन्यांची पीआरआय लाइन आणि ते सर्व कॉल एकाच पेटीत हाताळणारा अ‍ॅक्सेस सर्व्हर ही जोडी आवश्यक ठरली. त्यातही एक्स२ आणि के५६फ्लेक्स या परस्परविसंगत पद्धतींचा वाद होता. १९९८ मध्ये व्ही.९० हे समान मानक आले, तेव्हा ज्यांची यंत्रे केवळ सॉफ्टवेअर बदलून सुधारता येत होती, त्यांचा खर्च वाचला.

वाहिन्यांची संख्या : दहा ग्राहकांमागे एक मोडेम, असा ढोबळ संकेत रूढ होता. डॅनिश गणिती एर्लांग यांच्या सूत्राने तो तपासता येतो. ३०० ग्राहकांनी गर्दीच्या तासात सरासरी ४ मिनिटे वापर केला, तर भार २० एर्लांग होतो आणि ३० वाहिन्यांवर १०० पैकी जेमतेम एका कॉलला ‘एंगेज’ टोन मिळतो. हीच सरासरी ६ मिनिटांवर गेली, की सुमारे १३ कॉल परततात. शिवाय परतलेला ग्राहक पुनःपुन्हा क्रमांक फिरवून गर्दीत भरच घालतो. दुसरी पीआरआय लाइन घेताना ती निराळ्या क्रमांकावर न ठेवता पहिलीच्याच गटात जोडणे लाभाचे असे. एक टक्का अपयश मान्य केल्यास ३० वाहिन्यांचे दोन सुटे गट मिळून ४०.६ एर्लांग पेलतात, तर ६० वाहिन्यांचा एकच गट ४६.९.

उत्पादकाचे स्थैर्य : हा मुद्दा खरेदीच्या वेळी सहसा दुर्लक्षित राही. लिव्हिंग्स्टन कंपनीचे पोर्टमास्टर ३ हे यंत्र दोन पीआरआय लाइन हाताळी. १९९७ मध्ये ही कंपनी ल्यूसेंटने विकत घेतली, १९९९ मध्ये ल्यूसेंटने प्रतिस्पर्धी असेंडही घेतली आणि पोर्टमास्टर मालिका पुढे बंद झाली. ग्राहकाची ओळख पडताळण्यासाठी लिव्हिंग्स्टनने तयार केलेली रेडियस प्रणाली मात्र खुली होती. आज अनेक महाविद्यालयांच्या वाय-फायवर प्रवेश देताना तीच वापरली जाते.