ब्रेक दाबताच गाडी का थरथरते?

नाशिकहून रोपे वा खते भरून कसारा घाट उतरताना आटगाव परिसरातील शेतकरी बंधूंची गाडी ब्रेक दाबताच थरथरू लागते. पुष्कळजण दोष टायरला देतात. परंतु टायरचा दोष ब्रेक न दाबताही जाणवतो. स्टेअरिंग हलल्यास पुढील डिस्क पाहावी, केवळ आसन हलल्यास मागील ड्रम. डिस्कच्या जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरकही पुरतो. चाक बसविताना हबवर राहिलेला गंज व चिखल, आणि कमीअधिक आवळलेले नट, ही त्याची नित्याची कारणे होत. हब तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून नट समोरासमोरचे क्रमाने, सारख्या जोराने आवळावेत. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपर्यंतच ती लेथवर घासता येते. पुढे दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात. घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकावा. पायथ्याशी थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी मुळीच ओतू नये.