गाठ लहान झाली, पुढे काय?

स्तनातली गाठ एक सेंटिमीटरची होते तेव्हा तिच्यात ढोबळमानाने एक अब्ज पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर यायला तीसेक दुपटी लागतात. त्याच वेगाने आणखी दहा दुपटी झाल्या, तर वजन किलोभर भरेल. प्रत्यक्षात मोठ्या गाठीचा वेग मंदावत जातो. बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलेलं सूत्र अ‍ॅना लेअर्ड यांनी १९६४ मध्ये गाठींच्या वाढीला लावलं, तेव्हा ते चांगलं जुळलं. पण त्या सूत्राच्या लेखी सगळ्या पेशी सारख्याच.

टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या पेशी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत सोडल्या. अडीच लाखांत जेमतेम एक पेशी तिथे रुजू शकत होती. तीच कर्करोगाची मूलपेशी. (मेलानोमात मात्र २००८ मध्ये, आणखी दुबळे उंदीर घेतल्यावर, चारांतली एक पेशी गाठ उभी करू लागली. सगळ्या कर्करोगांना एकच साचा लावू नये, असं मला म्हणूनच वाटतं.)

मूलपेशीचं गणित एका आकड्यावर फिरतं. ती विभागली की प्रत्येक नवी पेशी मूलपेशीच राहण्याची शक्यता किती? निम्म्याहून किंचित जास्त असली तर साठा वाढत जातो, कमी असली तर आटतो. बाकीच्या पेशी कितीही मारल्या तरी हा आकडा आपोआप बदलत नाही.

याचा कस लागला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात. इमॅटिनिबच्या गोळ्या २००१ मध्ये आल्या आणि या आजाराचं चित्रच पालटलं. फ्रान्झिस्का मिकोर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या रोगखुणांचे आकडे आलेखावर मांडले. उतार दोन टप्प्यांत होता: आधी रोज सुमारे ५ टक्के, नंतर ०.८ टक्के. त्यांच्या मते पहिला उतार पक्व पेशींचा, दुसरा त्यांच्या आधीच्या पिढीचा. मूलपेशींना औषध शिवतच नव्हतं. औषध थांबवलेल्या मोजक्या रुग्णांत रोग तीन महिन्यांत मूळ पातळीवर, काहींत त्याच्याही वर गेला. इंगो रोडर यांच्या गटाने २००६ मध्ये वेगळी मांडणी केली: विभागणाऱ्या मूलपेशी औषधाने मरतात, निद्रिस्त तेवढ्या वाचतात. आकडे तेच, पण रुग्णासाठी अर्थ निराळा. पहिली मांडणी खरी तर गोळी जन्मभराची. दुसरी खरी तर निद्रिस्त पेशी जाग्या करून साठा संपवता येईल.

फ्रान्समध्ये किमान दोन वर्षं रोगाचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांचं इमॅटिनिब थांबवून पाहिलं गेलं. २०१० च्या अहवालानुसार वर्षभरानंतरही रोगमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. रोग उलटलेल्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा महिन्यांतच परतला, आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. ज्यांच्यात तो परतला नाही, त्यांच्या मूलपेशी खरोखर संपल्या, की शरीराची प्रतिकारशक्ती उरलेल्यांना दाबून ठेवते आहे? समीकरणांत आता प्रतिकारपेशींसाठीही एक पद घातलं जातं, ते याच प्रश्नापायी.