निळ्या रिगीचा सातबारा

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये जुन्या चित्राच्या छायाचित्राखाली बारीक टायपात चार-पाच ओळी असतात. नावं, सालं, आकडे आणि मध्ये नुसते स्वल्पविराम. बहुतेक जण त्या ओलांडून पुढे जातात. मी मात्र आधी त्याच वाचतो, कारण तो त्या चित्राचा सातबारा असतो. कोणाकडून कोणाकडे गेलं, कधी आणि किती रकमेला, याचे सगळे फेरफार तिथे नोंदलेले असतात. या ओळी वाचायच्या कशा, ते एका चित्रावरून पाहू.

चित्र इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नरचं आहे, १८४२ सालचं: ‘द ब्लू रिगी, सनराइज’. त्याच्या ओळी साधारण अशा: एल्हनन बिकनेल. ख्रिस्टीज, १८६३, २९६ गिनी, ॲग्न्यू. जॉन एडवर्ड टेलर. ख्रिस्टीज, १९१२, २,७०० गिनी, ॲग्न्यू. वॉल्टर जोन्स. ख्रिस्टीज, १९४२, १,५०० गिनी, ॲग्न्यू. खासगी संग्रह. ख्रिस्टीज, २००६. टेट, २००७.

ओळींकडे वळण्याआधी चित्र डोळ्यांसमोर हवं. कागद जेमतेम ३० बाय ४५ सेंटिमीटरचा. स्वित्झर्लंडमधलं लुसर्न सरोवर, सूर्य उगवण्याआधीची वेळ. समोर रिगीचा डोंगर, सगळा निळा, आणि त्याच्यामागे आभाळ नुकतं पिवळं पडू लागलेलं. वर शुक्राची चांदणी. खाली कुत्र्यांच्या चाहुलीने बिथरलेली बदकं पाण्यावरून उडताहेत. एवढ्या शांत पहाटेत हालचाल आहे ती तेवढीच.

जलरंगात उजेड दाखवायचा तो कागदाच्या पांढरेपणातून. रंगाचा एक पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा किंवा वाळलेला रंग पात्याने खरवडून काढायचा. या कामासाठी टर्नर अंगठ्याचं नखही वाढवत असे. म्हणजे चित्रातला रंग हा कागदावरचा एक अतिशय विरळ थर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे मालकांच्या हिशेबात ती लागणार आहे.

आता पहिलं नाव. १८४१च्या उन्हाळ्यात टर्नर लुसर्नला होता. परतल्यावर वयाच्या सदुसष्टीच्या उंबरठ्यावर त्याने एक नवी रीत काढली. पंधरा कच्चे नमुने आणि चार पूर्ण चित्रं त्याने थॉमस ग्रिफिथ या आपल्या दलालाकडे सोपवली. गिऱ्हाइकाने नमुना पसंत करायचा, मग टर्नर त्यावरून पूर्ण चित्र करून देणार. एकूण दहा चित्रं, दर ८० गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा ८० गिनी म्हणजे ८४ पौंड. हा व्यवहार आपल्याला इतक्या तपशिलात ठाऊक आहे तो कलासमीक्षक जॉन रस्किनमुळे. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, आणि पुढे १८७८मध्ये त्याने ही हकिकत लिहून ठेवली. नमुने पाहून जुनी गिऱ्हाइकंही बिचकली, कारण त्यांना सवय होती ती आधीच्या रेखीव टर्नरची. दहा मागण्या जमवतानाही ग्रिफिथची दमछाक झाली. आज हे वाचताना त्या नकार देणाऱ्यांबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

बिकनेलने मात्र निळी रिगी घेतली. हा देवमाशाच्या तेलाचा व्यापारी, लंडनच्या हर्न हिल भागात राहणारा. जुन्या इटालियन उस्तादांऐवजी तो हयात ब्रिटिश चित्रकारांची चित्रं विकत घेई. हा माणूस डोळ्यांनी पारखणारा होता. पुढे टर्नरने देवमाशाच्या शिकारीवर केलेलं एक तैलचित्र त्याच्याकडे गेलं, तेव्हा त्यात एके ठिकाणी जलरंगाचा हात फिरवलेला त्याच्या ध्यानात आला, त्यावरून कुरबुर झाली आणि ते चित्र परत गेलं.

सातबाऱ्यावर नवी नोंद बहुधा वारसाहक्काने पडते. चित्रांचंही तसंच आहे. बिकनेल १८६१मध्ये वारला आणि १८६३मध्ये त्याचा संग्रह ख्रिस्टीज या लंडनच्या लिलावगृहाच्या हातोड्याखाली आला. ८० गिनींची रिगी २९६ गिनींना गेली. इथे पहिल्यांदा ‘ॲग्न्यू’ हे नाव येतं, आणि नवखा वाचक इथेच फसतो. ॲग्न्यू हे संग्राहक नव्हेत, ती चित्रव्यापाऱ्यांची पेढी. मूळची मँचेस्टरची, मग लंडनला आलेली. लिलावात पेढीचा माणूस बोली लावतो ती कधी दुकानाच्या मालासाठी, कधी मागे राहिलेल्या गिऱ्हाइकासाठी. म्हणून कॅटलॉगच्या समासात लिहिलेलं नाव हे घर समजायचं नाही, तो रस्त्यातला मुक्काम आहे. खरं घर कोणतं हे कळायला पेढीच्या वह्या पाहाव्या लागतात, आणि ॲग्न्यूंच्या वह्या आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत अभ्यासकांना पाहायला मिळतात. दुसरा पुरावा असतो चित्राच्या पाठीवर. ख्रिस्टीजमध्ये आलेल्या जुन्या वस्तूच्या मागे काळ्या स्टेन्सिलने उमटवलेला नंबर सापडतो, दुकानाची चिठ्ठी डकवलेली असते, कधी संग्राहकाचा छोटा शिक्काही असतो. चौकट बदलली की यातलं बरंच काही फेकलं जातं. जुना मागचा पुठ्ठा टाकून देऊ नये असं जाणकार सांगतात ते यासाठी.

ॲग्न्यूंनंतरचं घर टेलरचं. जॉन एडवर्ड टेलर हा ‘मँचेस्टर गार्डियन’चा मालक. त्याने हयातीतच मँचेस्टरच्या व्हिटवर्थ संग्रहालयाला जलरंगचित्रांचा मोठा साठा दिला, पण निळी रिगी स्वतःकडे ठेवली. त्याच्या पश्चात १९१२मध्ये ती २,७०० गिनींना विकली गेली, म्हणजे २,८३५ पौंडांना.

आता पुढचा आकडा पाहा. वॉल्टर जोन्सच्या संग्रहातून १९४२मध्ये ती पुन्हा ख्रिस्टीजमध्ये आली आणि १,५०० गिनींवर थांबली. तीस वर्षांनी भाव जवळजवळ अर्ध्यावर. युद्ध चालू होतं. आदल्या वर्षी बॉम्बहल्ल्यात ख्रिस्टीजची किंग स्ट्रीटवरची इमारत जळाली होती आणि लिलाव दुसऱ्या जागेत भरत होते. अशा काळात कागदावरच्या पहाटेला कोण किती देणार? चित्राचा भाव चढतच जातो असं छातीठोक सांगणाऱ्याला ही एक नोंद दाखवावी.

यानंतर ‘खासगी संग्रह’ हे दोन शब्द आणि मध्ये चौसष्ट वर्षं. अशा नोंदी वाचताना माझ्या मनात दोन विचार येतात. एक, इतकं सुंदर काही इतका काळ लोकांपासून दूर राहिलं. दुसरा, तो विरळ थर. जलरंगाला उजेड मानवत नाही. रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८मध्ये अहवाल दिला, तेव्हा कोणते रंग प्रकाशात उडतात हे सरळ दिसलं, आणि टर्नरला तर न टिकणारे रंग वापरण्याची खोडच होती. एकोणिसाव्या शतकात भिंतीवर उजेडात राहिलेली कितीतरी जलरंगचित्रं फिकी पडली आहेत. जी कपाटात, चामडी बस्त्यात राहिली ती वाचली. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाला हे इतकं पटलं होतं की मृत्युपत्राने एडिंबरा आणि डब्लिनच्या संग्रहालयांना टर्नरची चित्रं देताना त्याने अट घातली: ती फक्त जानेवारीत, उजेड सर्वांत मंद असतो तेव्हा दाखवायची. ती जानेवारीची प्रथा अजून पाळली जाते. म्हणून सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावापुढे मी एक न छापलेला प्रश्न वाचतो: याने चित्र कुठे ठेवलं होतं?

जून २००६मध्ये निळी रिगी पुन्हा ख्रिस्टीजमध्ये आली आणि ५८ लाख ३२ हजार पौंडांना गेली. ब्रिटिश जलरंगचित्राला तोवर एवढी रक्कम कधीच मिळाली नव्हती. घेणारा परदेशातला होता, आणि इथे फेरफार अडला. ब्रिटनमधून जुनी, मोलाची कलाकृती बाहेर न्यायची तर निर्यात परवाना लागतो. एक तज्ज्ञ समिती १९५२पासून ठरलेले तीन प्रश्न विचारते: देशाच्या इतिहासाशी हिचं घट्ट नातं आहे का, सौंदर्याच्या दृष्टीने ही असामान्य आहे का, अभ्यासासाठी हिचं विशेष महत्त्व आहे का? एकाचंही उत्तर होकारार्थी आलं तर परवाना काही महिने थांबवता येतो. त्या मुदतीत देशातल्या कुणी रास्त किंमत उभी केली तर चित्र राहतं, नाहीतर जातं.

रिगीला मार्च २००७पर्यंत मुदत मिळाली. करसवलत धरून लंडनच्या टेट संग्रहालयाला ४९.५ लाख पौंड लागणार होते. टेटने स्वतःचे २० लाख काढले, राष्ट्रीय वारसा निधीने १९.५ लाख दिले, आर्ट फंडने ५ लाख. उरलेल्यासाठी लोकांपुढे हात पसरले: पाच पौंड द्या आणि चित्रातला एक फटकारा तुमचा. पाच आठवड्यांत साडेपाच लाखांच्या आसपास जमले. त्याच दिवसांत टेटमध्ये टर्नरने याच डोंगराची केलेली तिन्ही चित्रं, निळी, लाल आणि काळोखी रिगी, पहिल्यांदाच शेजारी शेजारी मांडली होती. लाल रिगी मेलबर्नच्या संग्रहालयाची, ती पाहुणी म्हणून आली होती.

निळ्या रिगीचा तो पहिला कच्चा नमुना, ज्यावरून ती झाली, तो मात्र कधीच विकला गेला नाही. टर्नरकडेच राहिला, आणि त्याच्या मृत्युपत्राचा खटला १८५६मध्ये मिटल्यावर हजारो कागदांबरोबर राष्ट्राच्या ताब्यात आला. पुढे तो टेटमध्ये पोचला. मार्च २००७मध्ये पूर्ण चित्राचा व्यवहार झाला आणि १६५ वर्षांनी दोन्ही कागद एका छताखाली आले. सरोवर तेच, डोंगर तोच. नमुन्यावर मात्र बदकं अजून उतरलेली नाहीत.