शून्याखाली गेलेली रेघ

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला आणि प्रबंधातल्या आलेखांच्या फायली त्यावर उघडायला गेले. एकही उघडली नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते आलेख काढले होते ते आता दरवर्षी पैसे भरून वापरायचं झालंय, आणि पैसे भरूनही नवी आवृत्ती १९९९च्या फायली ओळखत नाही. त्यातले आकडे मी रात्री जागून मोजलेले. त्या दिवसापासून संताप आवरत नाही.

बाबा गोंदियाहून इथे भिलाईला नोकरीला आले, पोलाद कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात. पहिली ब्लास्ट फर्नेस राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली, ती गोष्ट आमच्या घरी कुळकथेसारखी सांगितली जायची. बाबांचे मिलिमीटरच्या चौकटींचे ग्राफ पेपर वैशाली नगरच्या घरात ट्रंकेत आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, पण प्रत्येक टिंब वाचता येतं. माझ्या कॉलेजच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्हीही कागदावरच काढायचो.

खरा त्रास १९९६ ते २००५ या दशकातला. पोलाद थंडीत किती ठिसूळ होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. दहा मिलिमीटर बाजूच्या चौरस छेदाचा, मधे खाच पाडलेला तुकडा अल्कोहोल आणि कोरड्या बर्फात गार करायचा, चिमट्याने उचलायचा आणि पाच सेकंदांच्या आत हातोड्याखाली आणायचा. तुकडा मोडायला किती ऊर्जा लागली ते तबकडीवर दिसतं. उणे वीस अंशांना ४ जूल, शून्य अंशाला ९५. अशी उसळी दिसली की हात थरथरायचे.

आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले, ‘गुळगुळीत रेघ’ निवडली. छापून आलेला आलेख सुंदर दिसत होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं. “बेटा, नमूने ने हथौड़े को ऊर्जा दी क्या?” उणे तीसच्या आसपास रेघ शून्याच्या खाली गेली होती. माझा एकही बिंदू तिथे नव्हता. पुढची उसळी गाठण्यासाठी रेघेने आधीच खाली झोल घेतला होता, आणि सॉफ्टवेअरने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. रेघ मी तपासायला हवी होती, हे खरंच. पण मोजमाप आणि अंदाज एकाच शाईत काढणारं साधन विज्ञानाच्या कामाचं नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते.

दुसरा राग ‘लाइन’ आलेखावर. त्यात उणे चाळीस, उणे वीस, शून्य आणि पन्नास ही तापमानं सारख्या अंतरावर बसायची, कारण ते आकड्यांना नुसती नावं समजायचं. किती मुलांचे उतार यात चुकले असतील!

पुढची वर्षं भराभर गेली. २००७च्या एक्सेलमध्ये ७७.१ गुणिले ८५० याचं उत्तर ६५,५३५ऐवजी १,००,००० दिसलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दिवसभर तोच विषय. २०१६ साली एका पाहणीत आढळलं, की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या जवळपास पाचातल्या एका शोधनिबंधात जनुकांच्या नावांच्या तारखा झाल्या होत्या. अखेर २०२०मध्ये काही जनुकांचीच नावं बदलली. माणसांनी यंत्रासाठी नावं बदलावीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी स्वतः २००६मध्ये ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. ते १९८६पासूनचं, फुकट, आणि त्याचा आलेख म्हणजे साध्या मजकुराच्या काही ओळी. माझ्या त्या वेळच्या फायली आजही उघडतात. विद्यार्थ्यांना आधी तेच शिकवायचे, कंटाळायचे बिचारे.

आता रोज संध्याकाळी प्रबंधाची छापील प्रत, बाबांची स्टीलची पट्टी आणि भिंग घेऊन बसते. एकेक टिंब अक्षांपासून मोजायचं, साध्या फायलीत लिहायचं. सत्तेचाळीस झाली. त्या शून्याखालच्या आलेखावर काल पोचले. टिंबं तेवढी घेतली, रेघ सोडून दिली.