रानपिंगळा आणि एका नोंदीचे मोल

अक्कलकुव्यालगतच्या तळोदे-शहादे परिसरातील वनांनी पक्षिशास्त्रास एक विलक्षण धडा दिला आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शास्त्रीय परिचय ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये करून दिला. १८८० नंतरच्या काही वर्षांत सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने मिळवून नोंदविले. पुढे हा पक्षी दिसेनासा झाला.

१९१४ साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी केला. त्यावर विसंबून झालेला शोध निष्फळ ठरला. वस्तुतः तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून त्यास खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी खोटी नोंद बाजूस सारून जुन्या, खऱ्या नोंदींच्या स्थळी आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला.

हा पक्षी दिवसाही वावरतो, सरडे-उंदीर खातो व झाडाच्या ढोलीत घरटे करतो. म्हणूनच जुनी झाडे तुटली की त्याचा निवाराच नाहीसा होतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे त्यास संरक्षण आहे. तथापि त्याचे यश गावाच्या सहकार्यावरच अवलंबून आहे. ग्रामपंचायतींनी ढोलीची झाडे राखावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पाहिलेल्या पक्ष्यांची स्थळ-दिनांकासह खरी नोंद ठेवण्यास शिकवावे. शंभर वर्षांनंतरही उपयोगी पडते ती अशीच नोंद होय.