पित्ताशयाच्या दुर्बीण शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन : दोन मज्जातंतू-बधिरीकरण पद्धतींची तुलना

प्रस्तावना :
भारतातील पित्ताशयाची पहिली दुर्बीण शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात केली. छेद लहान झाले, रुग्णालयातील मुक्काम घटला. परंतु वेदना पूर्णतः टळल्या नाहीत. अँटॉप हिलसारख्या भागातून शीव वा परळच्या पालिका रुग्णालयात येणाऱ्या, हातावर पोट असलेल्या रुग्णास लवकर कामावर परतणे महत्त्वाचे असते. म्हणून वेदनाशमनाचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

वेदनेचे प्रकार :
या वेदना तीन प्रकारच्या असतात. पहिली पोटाच्या भिंतीवरील छेदांची, दुसरी पित्ताशय काढल्याने होणारी अंतर्गत आणि तिसरी खांद्याची. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटलाचा दाह होतो व त्याची संवेदना खांद्यात जाणवते.

पद्धतींची तुलना :
२००१ मध्ये वर्णिलेल्या टॅप ब्लॉकमध्ये पोटाच्या भिंतीतील आतील दोन स्नायूंच्या मधल्या थरात बधिरीकरणाचे औषध सोडतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील छेद बहुतांशी नाभीच्या वर असल्याने बरगड्यांच्या कडेखालून दिलेला टॅप ब्लॉक अधिक उपयुक्त ठरतो. मात्र त्याने अंतर्गत वेदना शमत नाही.
२०१६ मध्ये प्रथम वर्णिलेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये औषध पाठीच्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या प्रवर्धाजवळ सोडतात. ते मज्जातंतूंच्या मुळांपर्यंत पसरल्यास अंतर्गत वेदनाही कमी होऊ शकते. तथापि हा प्रसार प्रत्येक रुग्णात सारखा होत नाही. खांद्याच्या वेदनेवर दोन्हींपैकी कोणत्याही पद्धतीचा भरवसा देता येत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वायूचा दाब कमी ठेवणे व अखेरीस वायू पूर्णपणे बाहेर काढणे हितावह ठरते.

मात्रेची मर्यादा :
दोन्ही बाजूंना ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन प्रत्येकी २० मि.लि. दिल्यास एकूण १०० मि.ग्रॅ. औषध शरीरात जाते. ५० किलो वजनाच्या रुग्णात हे प्रमाण किलोमागे २ मि.ग्रॅ. होते, म्हणजेच सुरक्षित मर्यादेच्या निकट पोहोचते. अशा वेळी छेदांतही तेच औषध टोचल्यास विषबाधेचा धोका संभवतो. त्यामुळे शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांनी एकूण मात्रा आधीच ठरविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
पॅरासिटामॉल, योग्य रुग्णात दाहशामक औषध व छेदांमध्ये बधिरीकरण हा वेदनाशमनाचा पाया होय. तीव्र वेदनेची शक्यता असलेल्या रुग्णांत, सोनोग्राफी यंत्र व प्रशिक्षित भूलतज्ज्ञ उपलब्ध असल्यास, ब्लॉकची जोड द्यावी. कोणता ब्लॉक श्रेष्ठ, यापेक्षा रुग्णास कोणती वेदना अधिक आहे, हा विचार प्रथम व्हावयास हवा.