क्लचचा नट कोणत्या बाजूला फिरतो

केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये घरच्या घरी जुळवता येण्यासारखी गोष्ट एकच असते. पेडल दाबायला सुरुवात केल्यापासून क्लचचा खरा भार पायाला लागेपर्यंत जे मोकळे अंतर जाते, ते. गॅरेजमध्ये त्याला ‘प्ले’ म्हणतात. मारुती ८०० सारख्या गाडीत पेडलच्या टोकाशी हा प्ले साधारण १५ ते २५ मिमी ठेवतात. मॉडेल आणि वर्षाप्रमाणे आकडा थोडा बदलतो, म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ही गाडी इथे उदाहरणाला घेतली आहे, कारण तिचा क्लच समजायला सोपा आहे: एका टोकाला पेडल, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सवरचा लिव्हर, मध्ये केबल आणि केबलच्या टोकाला आट्यांवर बसलेला नट. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत या कामाला जागाच नसते. तिथे झीज द्रवाच्या दाबातच आपोआप भरून निघते आणि तक्रार आली की पाहायची असते ती टाकीतली पातळी, गळती किंवा नळीत शिरलेली हवा.

नट फिरवण्याआधी आत काय घडते ते ध्यानात घ्यावे लागते, नाहीतर तो हमखास उलट फिरवला जातो. इंजिनाच्या फ्लायव्हीलला क्लच प्लेट चिकटलेली असते आणि तिला तिथे दाबून धरते प्रेशर प्लेट. दाब देणारी डायफ्राम स्प्रिंग गोल, बशीच्या आकाराची असते आणि तिची बोटे मध्याकडे वळलेली असतात. पेडल दाबले की केबल लिव्हर ओढते, लिव्हर रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो, बेअरिंग या बोटांवर दाबते आणि स्प्रिंगची बाहेरची कड मागे येते. प्रेशर प्लेट सुटते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तेवढ्यापुरता तुटतो. पेडल सोडलेले असताना बेअरिंग आणि बोटे यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. पेडलवर जाणवणारा प्ले म्हणजे मुख्यतः हीच फट, लिव्हरांच्या गुणोत्तराने मोठी होऊन पायापर्यंत आलेली. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरशी ती जेमतेम दोन ते चार मिमी असते.

क्लच प्लेटचे लायनिंग झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने आणखी पुढे जाते. डायफ्राम स्प्रिंग तराजूच्या दांडीसारखी मधल्या टेकूवर कललेली असल्याने तिची कड पुढे गेली की बोटे मागे, म्हणजे बेअरिंगकडे, सरकतात. फट कमी होते आणि पेडलवरचा प्लेही कमी होतो. झिजलेली वस्तू सैल पडते हा रोजचा अनुभव इथे लागू पडत नाही. प्लेट झिजते तसे पेडल घट्ट होत जाते. केबलचे मात्र उलट. ती ताणली गेली, तिचे बाहेरचे आवरण टोकाशी दबले किंवा पेडलजवळचा बुश झिजला, तर प्ले वाढतो. म्हणजे दोन झिजा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने काम करत असतात आणि नटाची जागा ही त्या दोघींची बेरीज असते. म्हणूनच नट कोणत्या बाजूला फिरवावा लागला हे त्या कामातले सर्वांत उपयोगी निदान आहे. घरी काम करणाऱ्याने ते तारखेसह कुठेतरी लिहून ठेवलेले बरे. गॅरेजचे बिल ही माहिती कधीच देत नाही.

प्ले उरलाच नाही तर बेअरिंग बोटांवर कायम टेकून फिरत राहते. ते तापते, आवाज करू लागते, आणि प्रेशर प्लेटचा दाब पूर्ण बसत नसल्याने क्लच घसरतो. घाट चढताना हे पहिल्यांदा कळते. खंबाटकीत किंवा कसाऱ्यात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग तिथेच राहतो. या गाडीच्या बहुतेक डॅशबोर्डांवर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही, तेव्हा कानावरच विसंबावे लागते. पाठोपाठ जळक्या लायनिंगचा उग्र वास येतो. प्ले फार असेल तर लक्षणे वेगळी. पेडल तळाला गेले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना ‘कर्रर्र’ होते आणि सिग्नलला क्लच दाबून उभी असलेली गाडी पुढे सरकायला पाहते. हे चालू दिले तर गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंगा हकनाक झिजतात, आणि त्यांचा खर्च क्लचपेक्षा जड जातो.

मोजमापाला सुरुवात करण्यापूर्वी पेडलखालची मॅट काढावी. हे कोणत्याही पुस्तिकेत ठळक छापलेले नसते, पण रबरी मॅटवर जाड गालिचा आणि त्यावर पुन्हा प्लास्टिक अशी थरावर थर चढवलेली गाडी आपल्याकडे सर्रास दिसते. त्या थरांमुळे पेडलची शेवटची दोन-तीन सेंटिमीटर चाल मारली जाते, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि मालक किंवा मेकॅनिक केबल आवळून मोकळा होतो. गिअर सुरळीत पडू लागतात. प्ले मात्र संपलेला असतो आणि काही महिन्यांत प्लेट जळते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि चावी काढून खिशात ठेवावी. इंजिन थंड हवे. एक तर त्या भागात एक्झॉस्टचे पाइप असतात, आणि दुसरे म्हणजे रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा गरम इंजिनावर केव्हाही फिरू शकतो. प्ले मोजायचा तो हाताने. बूट घातलेल्या पायाला पहिल्या दहा मिलिमीटरांतला फरक कळतच नाही. पेडलशेजारी स्टीलची पट्टी धरून मोकळ्या पेडलची जागा वाचावी. मग दोन बोटांनी पेडल हळूच दाबत जावे. सुरुवातीला फक्त परतीच्या स्प्रिंगचा आणि केबलच्या घर्षणाचा हलका विरोध असतो. मग एका ठिकाणी पेडल एकदम जड होते, कारण तिथे बेअरिंग बोटांना भिडलेले असते. या दोन जागांमधला फरक म्हणजे प्ले. पहिल्या खेपेचा आकडा धरू नये. केबल नीट बसावी म्हणून पेडल पाच-सात वेळा पूर्ण दाबून सोडावे आणि पुन्हा मोजावे. दोन मोजण्यांत मोठी तफावत येत असेल तर केबल आत अडकते आहे असे समजावे. तिथे नट फिरवून उपयोग नाही.

क्लचची केबल बॉनेटखाली गिअरबॉक्सच्या बाजूला उतरते. आवरण एका ब्रॅकेटवर थांबते, आतली तार पुढे जाऊन लिव्हरच्या टोकातून जाते आणि तिच्या आटे पाडलेल्या टोकावर नट असतो. काही केबलींना जुळवणीच्या नटामागे दुसरा चेकनटही असतो. तो आधी ढिला करावा लागतो. वरून हात पोचत असेल तर उत्तम. पोचत नसेल तर गाडी उचलावी लागते, आणि तेव्हा नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. पक्के स्टँड हवेतच. ते नसतील तर हे काम गॅरेजलाच द्यावे.

नट सहसा चिखल आणि गंज यांनी जाम झालेला असतो, कोकणपट्टीतल्या गाड्यांत तर जास्तच. तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल टाकावे आणि थोडा वेळ थांबावे. नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवावेत, किंवा रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे चुकले तरी मूळ जागी परत येता येते. पाना मापाचाच हवा. पकडीने नटाच्या कडा गोल होतात. पक्कड वापरायची ती दुसऱ्या हातात, आटे पाडलेले टोक फिरू नये म्हणून धरायला, आणि तीही आट्यांवर नव्हे तर त्यांच्या मागच्या सपाट भागावर. टोक नटाबरोबर फिरले तर आतल्या तारेला पीळ बसतो आणि तिचे धागे एकेक करून तुटायला लागतात. पुढे केबल रस्त्यात तुटते तेव्हा हा पीळ कोणाला आठवत नाही.

नट आवळला की तार आखूड होते आणि प्ले कमी होतो. सैल केला की वाढतो. फिरवायचा अर्धा फेरा, फार तर एक. आट्यांमधले अंतर एक मिमी धरले तर नटाच्या एका फेऱ्याने लिव्हर एक मिमी सरकतो, पण पेडलवर तोच फरक सहा-सात मिमीचा होऊन दिसतो. पूर्ण प्लेची किंमत तीन-चार फेऱ्यांहून जास्त नाही. घाईने फिरवलेला नट हमखास मर्यादेपलीकडे जातो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर पेडल काही वेळा दाबावे, पट्टी लावून मोजावे, आणि माप बसले की चेकनट असल्यास आवळावा. चेकनट आवळताना जुळवणीचा नट थोडा सरकतोच, त्यामुळे शेवटी एकदा पुन्हा मोजणे आले.

क्लच ‘वर पकडतो’ की ‘खाली पकडतो’ यावरून जुळवणी करण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. पकड कुठे येते हे प्लेच्या पाठोपाठ ठरते. ठेंगण्या चालकाला ती खाली हवी असते, उंच चालकाला वर, आणि दोघेही आपल्या सोयीने नट फिरवून घेतात. प्लेचे माप बरोबर असूनही पकड गैरसोयीची वाटत असेल, तर सीट पुढे-मागे करावी.

जुळवणी झाल्यावर दोन चाचण्या पुरतात. पहिली क्लच सुटतो का याची. इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. बहुतेक जुन्या गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे प्लेट थोडी जरी फिरत राहिली तरी तो लगेच ओरडतो. दुसरी चाचणी घसरण्याची. समोर मोकळी जागा ठेवून, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ठोकळे लावलेले असताना, तिसरा किंवा वरचा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. क्लच ठीक असेल तर इंजिन बंद पडते. ते चालतच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी. दर खेपेला लायनिंग तापते.

आवाजावरूनही बरेच कळते. पेडलवर पाय ठेवताच घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल मोकळे असताना येणारा आणि दाबले की थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असू शकतो. दोन्ही बाबतीत नटाचा संबंध नाही.

केबलीची पाहणी याच वेळी करून घ्यावी. पेडलच्या वरच्या टोकाला ती जिथे अडकवलेली असते तिथे टॉर्च लावून पाहिले तर तुटलेले धागे बाहेर आलेले दिसतात. एक धागा जरी तुटलेला दिसला तरी केबल बदलावी. बाकीचे फार दिवस साथ देत नाहीत. पेडल जड झाले म्हणून केबलीत तेल सोडण्याची सवयही सगळीकडे चालत नाही. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलीत तेलाला धूळ चिकटून उलट तिचा चिखल होतो. नवी केबल पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी ताणून बसते, तेव्हा तिचा प्ले एकदा पुन्हा पाहावा.

नोंदीत नट दर खेपेला आवळावा लागल्याचे दिसत असेल, तर तार किंवा तिचे आवरण जात चालले आहे. दर खेपेला सैल करावा लागत असेल, तर प्लेट झिजते आहे, आणि त्यासाठी बहुधा हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारा पाय जबाबदार असतो. चढावरच्या वाहतुकीत हँडब्रेक वापरला तर ही झीज बरीच लांबते. नट सैल करता करता आट्यांच्या टोकाशी आला, आणि तरीही प्ले मिळत नाही किंवा प्ले असून क्लच घसरतो, तर घरचे काम संपले. गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलून घेणे शहाणपणाचे, कारण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स काढण्या-घालण्यातच जातो. नवी प्लेट जाड असल्याने स्प्रिंगची बोटे बेअरिंगपासून दूर जातात आणि प्ले एकदम वाढतो. नट जुन्याच जागी राहिला तर नव्या क्लचवरही रिव्हर्स खरखरतो. गाडी ताब्यात घेताना त्याच जागी पट्टी लावून प्ले मोजावा, नट आवळून तो मापात आणायला सांगावा, आणि प्लेट फ्लायव्हीलवर बसल्यानंतर, काही आठवड्यांनी, पुन्हा मोजावा.